एकट्या-दुकट्याने हाकायच्या होडीला कोणतं शीड बांधावं?

शिडाची चर्चा निघाली की पहिला प्रश्न हमखास वेगाचा येतो. होडी वाऱ्याच्या तोंडावर, म्हणजे वारा समोरून असताना, किती चढते, कोणत्या शिडाने कोणाला मागे टाकलं. चार तयार माणसं घेऊन शर्यत खेळायची असेल तर हा प्रश्न रास्त आहे. पण होडी साडेचार मीटरची, आत तुम्ही एकटे, किंवा सोबत होडीत पहिल्यांदाच बसलेला मेहुणा, असा मामला असेल तर विचारायचं ते वेगळंच. वारा अचानक वाढलाय, एक हात सुकाणूवर अडकलाय. उरलेल्या एका हाताने शीड किती लवकर लहान करता येईल, आणि वेळ आली तर पुरतं खाली कसं आणता येईल? मी प्रत्येक शीड आधी याच चाळणीतून काढतो. वेग, देखणेपणा, परंपरा या गोष्टी चाळणीत जे उरेल त्यात बघाव्यात.

पुढचं सगळं चार ते साडेपाच मीटरच्या, वरून उघड्या, सेंटरबोर्ड (मधोमध पाण्यात खाली-वर करता येणारी फळी) असलेल्या होडीबद्दल आहे. शब्द चार-पाचच लागतील. शीड वर चढवायची दोरी म्हणजे हॅलियार्ड. शिडाचं मागचं टोक आवरणारी, सतत हातात असणारी दोरी म्हणजे शीट. शिडाच्या वरच्या कडेला बांधलेली काठी ती यार्ड आणि खालच्या कडेची ती बूम. शीड खालून गुंडाळून लहान करणं म्हणजे रीफ घेणं. डोलकाठी, नाळ (होडीचं पुढचं टोक), सुकाणू तर सगळ्यांना ठाऊक आहेत.

आधी तुमचं पाणी बघा

कोकणात नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात वाऱ्याचं वेळापत्रक बऱ्यापैकी ठरलेलं असतं. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहतो. दहा-अकराच्या सुमाराला तो मरतो, तासभर शीड नुसतं लोंबत राहतं, आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा धरतो तो संध्याकाळपर्यंत वाढत जातो.

आपल्या जुन्या मच्छीमारांचं तिकोनी लॅटीन शीड याच वेळापत्रकावर पोसलं, असं माझं मत आहे. मतलईवर बाहेर जायचं, खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचं. दोन्ही वेळा वारा पाठीमागून किंवा बाजूने. समोरच्या वाऱ्यावर नागमोडी, दर वळणाला शिडाची बाजू बदलत चढायची पाळी रोजच्या धंद्यात कमीच यायची, त्यामुळे बाजू बदलायला जड जाणं हे या शिडाचं जे दुखणं आहे ते फारसं उघडं पडलं नाही. हौशी माणसाचं तसं नसतं. तो दुपारी जेवून निघतो, खाडीच्या तोंडाशी पोचतो आणि वारा थेट नाकावर. मालवणहून देवगडकडे जायचं म्हटलं तरी तेच.

म्हणून पहिलं काम कागदावर करा. तुम्ही खरोखर कोणत्या वेळी निघणार, तेव्हा वारा कुठून असतो, जायचंय कुठे, परतताना वारा कुठून असेल. खाडीतच फिरणार की तोंडाच्या वाळूच्या पट्ट्यावरून फुटणाऱ्या लाटा ओलांडून बाहेर पडणार? वारा पडल्यावर वल्ही मारायची तयारी आहे का? असेल तर डोलकाठी, यार्ड, बूम हे सगळं होडीच्या आत मावायला हवं. बाहेर लटकणाऱ्या काठ्या घेऊन वल्ही मारणं ही शिक्षाच.

खाडीत आणखी दोन गोष्टी असतात, पूल आणि विजेच्या तारा. पुलाखालची मोकळी उंची भरतीला कमी होते. मुंबईकडे उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत चार मीटरच्या वर फरक पडतो, तळकोकणात त्याच्या सुमारे निम्मा. तेव्हा डोलकाठी एकट्याला होडीतच काढून आडवी ठेवता येते की नाही, हा चैनीचा प्रश्न नाही. तारांचं तर सरळ सांगतो: अंतराचा अंदाज येत नसेल तर काठी उतरवूनच खालून जा. ओलं लाकूडसुद्धा वीज वाहून नेतं, ॲल्युमिनियमचं तर बोलायलाच नको.

मग वजन मांडा

शिडाचं क्षेत्रफळ होडीच्या लांबीवरून ठरवतात, तसं करू नये. वजनावरून ठरवावं. हिशोब असा: होडी, सामान, माणसं मिळून जितक्या घनमीटर पाण्याची जागा घेतात तो आकडा घ्या. साधारण हजार किलोला एक घनमीटर धरा. त्याचा दोन-तृतीयांश घात काढा आणि त्याने शिडाच्या चौरस मीटरना भागा. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरला हे जमतं.

समजा होडी 120 किलोची, सामान 40 किलो, माणूस 70 किलोचा, शीड 9 चौरस मीटरचं. दोघे असताना वजन 300 किलो, उत्तर येतं 20. एकटे असताना वजन 230 किलो, उत्तर 24. पंधरा-सोळाच्या आसपासची होडी सोशिक आणि जराशी आळशी, वीसची चपळ, त्यापुढची अंगावर येणारी. म्हणजे मेहुणा घरी राहिला की तेच शीड होडीला मोठं होतं, आणि त्याच वेळी कडेवर बसून तोल सांभाळणारं वजन निम्म्यावर आलेलं असतं. दोन्हीकडून मार.

त्यात वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. 10 नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा 14 नॉट झाला की शिडावरचा भार दुप्पट, 20 झाला की चौपट. म्हणून क्षेत्रफळ दोघांच्या हिशोबाने घ्यावं आणि एकट्याची सोय रीफमध्ये करावी. वरच्या उदाहरणात पहिली रीफ शीड साडेसहा चौरस मीटरवर आणणारी हवी. एकट्याला मग आकडा 17 येतो. दुसरी साडेचारवर आणणारी. तिसरी नसली तरी चालेल, तोवर तुम्ही किनाऱ्यावर असायला हवं. एकटे निघताना वाऱ्याबद्दल जरा जरी शंका असेल तर पहिली रीफ वाळूवर उभे असतानाच घ्या. पाण्यात गेल्यावर रीफ सोडणं मिनिटाचं काम आहे, घेणं मात्र नाही.

चाळणीतून एकेक शीड

चौकोनी आडवी शिडं सुरुवातीलाच बाद. 21 मे 2025 ला कारवारला नौदलात दाखल झालेल्या 'कौंडिण्य'सारख्या जहाजावर ती शोभतात, पण ते टोळीचं काम.

आपलं लॅटीन बाद करताना मला वाईट वाटतं, कारण वारा बाजूने असताना त्याच्यासारखं ओढणारं शीड कमी. पण मोठ्या लॅटीनची बाजू बदलायची तर बहुधा नाळ वाऱ्यातून न फिरवता होडी उलटी, वारा पाठीवर घेऊन फिरवतात आणि ती लांबलचक यार्ड डोलकाठीच्या पुढून पलीकडे नेतात. मचव्यावर, पडावावर हे जमायचं कारण तिथे माणसं होती. शिवाय वारा वाढला की रीफ घेण्याऐवजी ते शीड उतरवून दुसरं लहान चढवायची रीत. एकट्याने, हलत्या होडीत? छे. छोटं लॅटीन, सनफिश या होडीवर असतं तसं सात चौरस मीटरचं, बाजू न बदलता वापरता येतं. एका अंगाला ते डोलकाठीवर दाबलं जातं आणि थोडं बिघडतं, तेवढं सोसायचं. पण मूळ रचनेत रीफ नाहीच. बंदिस्त खाडीत, उन्हात, पोहायच्या कपड्यांत मजा करायला ठीक.

स्प्रिट शीड तुमच्या घरातल्या एखाद्या मुलाने हाताळलेलं असू शकतं. मुंबई-गोव्यात मुलं ज्या सव्वादोन मीटरच्या ऑप्टिमिस्टमध्ये शिकतात तिला हेच असतं: चौकोनी शीड आणि डोलकाठीच्या खालच्या भागापासून वरच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी गेलेली एक काठी. काठ्या आखूड, खर्च कमी. वारा अंगावर आला की ती तिरकी काठी काढून टाकायची, शिडाचा वरचा अर्धा भाग पडतो आणि होडी शांत होते. युक्ती नामी आहे, पण रीफ घेताना तीच काठी पुन्हा बसवायचा घोळ होतो, आणि शीड मोठं असेल तर ती काठी हातातून निसटून कुणाचं तरी डोकं शोधते. पाच-सहा चौरस मीटरपर्यंत जरूर, त्यापुढे नको.

गाफ म्हणजे डोलकाठीला मागून टेकलेली तिरकी यार्ड आणि ती वर न्यायला दोन हॅलियार्ड, एक बुडाची, एक टोकाची. जोशुआ स्लोकमने 'स्प्रे'मधून 1895 ते 1898 या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्या होडीला गाफच होतं. मग गाफ एकट्याला नको असं कसं म्हणता, असं कोणीतरी विचारतंच. 'स्प्रे' अकरा मीटरच्या वर लांब होती. डेकवर उभं राहून दोऱ्या ओढायला जागा होती, आणि सुकाणू बांधून ठेवलं की ती तासन्‌तास आपली वाट धरून जायची. साडेचार मीटरच्या होडीत तुम्ही उठून डोलकाठीपाशी गेलात की होडीचा तोलच बदलतो, आणि मागे सुकाणू मोकळं. सहा-सात मीटरच्या पुढे, थोडं डेक असलेल्या होडीला गाफचा विचार करावा. गंटर हा त्याचाच सख्खा भाऊ, यार्ड जवळपास उभी. 1962 च्या सुमाराला आलेल्या मिरर होडीला ते दिलं ते काठ्या होडीच्या आत मावाव्यात म्हणून. वाऱ्यावर चढतं छान, रीफ घेताना किरकिरं.

जंक शिडाबद्दल आपल्याकडे उगाच दबकून बोललं जातं. आडव्या पट्ट्यांनी कप्पे पाडलेलं चिनी घाटाचं हे शीड, ताणदोऱ्या नसलेल्या डोलकाठीवर उभं राहतं. ब्रिटिश मरीन्समधले ब्लाँडी हॅसलर यांनी ते आपल्या 'जेस्टर' या साडेसात मीटरच्या होडीवर चढवलं आणि 1960 च्या पहिल्या एकहाती अटलांटिक शर्यतीत ते 48 दिवसांत दुसरे आले. पहिल्या आलेल्या फ्रान्सिस चिचेस्टर यांना 40 दिवस लागले, त्यांची होडी बरीच मोठी होती. आठ दिवसांच्या फरकापेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. हॅसलर यांना रीफ घ्यायला डेकवर जावंच लागायचं नाही. गोल झाकणातून अर्धं अंग बाहेर काढून हॅलियार्ड सोडली की एकेक कप्पा आपोआप खाली येऊन बसायचा. आमच्या चाळणीत याच्यासारखं दुसरं शीड नाही.

मग सगळ्यांनी जंकच का घेऊ नये? घ्यावं की, होडी सहा मीटरच्या पुढची असेल, झोपायला केबिन असेल, आठ-आठ दिवस बाहेर राहायचं असेल तर. लहान होडीला मात्र त्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीला जाणारी शीटची शाखा, तीन-चार पदरी हॅलियार्ड हे ओझं होतं. रोज किनाऱ्यावर काठी उभी करून निघायचं आणि संध्याकाळी सगळं सोडून शेडमध्ये ठेवायचं, तर गुंता सोडवण्यातच मतलई संपतो. सपाट कापडाचं जुन्या पद्धतीचं जंक वाऱ्यावर रडतखडत चढतं. हल्ली प्रत्येक कप्प्याला पोट देऊन शिवतात, त्याने पुष्कळ फरक पडतो.

उरलं लग. आणि लहान होडीला माझं मत त्यालाच, त्यातही बॅलन्स लगला.

बॅलन्स लग, जवळून

लगचे तीन प्रकार आहेत. डिपिंग लगमध्ये प्रत्येक वेळी यार्ड डोलकाठीच्या पलीकडे न्यावी लागते. कॉर्नवॉलचे मच्छीमार ते चालवत, पण तेही गड्यांच्या जोरावर, म्हणून ते सोडा. स्टँडिंग लगमध्ये शिडाचा पुढचा खालचा कोपरा डोलकाठीपाशीच बांधलेला असतो. बॅलन्स लगमध्ये शीड आणि बूम दोन्हींचा थोडा भाग डोलकाठीच्या पुढे येतो. त्या पुढच्या भागामुळे वारा पाठीवर असताना बूम एका अंगावरून दुसऱ्या अंगाला गेली तरी ती थपडेसारखी येत नाही, सावकाश येते. नवख्या सोबत्यासाठी एवढं एक कारणही पुरे.

डोलकाठी एक, ताणदोऱ्या नाहीत, हॅलियार्ड एक, शीट एक. हॅलियार्ड सोडली की शीड स्वतःच्या वजनाने होडीत पडतं. साडेचार-पावणेपाच मीटरच्या होडीला नऊ-साडेनऊ चौरस मीटरचं शीड बसतं. मायकल स्टोरर यांनी आखलेली गोट आयलंड स्किफ ही याची माहितीतली होडी.

हॅलियार्ड यार्डला कुठे बांधायची? पुढच्या टोकापासून सुरुवातीला यार्डच्या लांबीच्या 40 टक्क्यांच्या जरा आत बांधा आणि बोटभर पुढे-मागे करत जागा ठरवा. यार्ड डोलकाठीपासून सुटून लोंबू नये म्हणून दोरीत लाकडी मणी ओवून काठीभोवती सैल माळ घाला. बूमला खाली खेचणारी दोरी, डाउनहॉल, बूमच्या पुढच्या टोकापासून सहाव्या ते दहाव्या भागाच्या दरम्यान येते.

बॅलन्स लगचा जीव या डाउनहॉलमध्ये आहे. लोक हॅलियार्ड जीव खाऊन ओढतात आणि डाउनहॉलला एक गाठ मारून मोकळे होतात. मग शीड पोतं होतं आणि माणूस सांगत सुटतो की लग वाऱ्यावर चढतच नाही. डाउनहॉलला किमान तीन-चार पदरी कप्पीची ओढ द्या. शीड चढवा, हॅलियार्ड बांधा आणि मग डाउनहॉल ओढा. आता शिडाकडे बघा. पुढच्या वरच्या कोपऱ्यातून मागच्या खालच्या कोपऱ्याकडे सुरकुत्या पडत असतील तर यार्डचं मागचं टोक झुकलंय, अजून ओढा. उलट, यार्डच्या वरच्या टोकापासून पुढच्या खालच्या कोपऱ्याकडे हलक्या सुरकुत्या दिसल्या तर हरकत नाही, वारा भरला की त्या निघतात. निघाल्याच नाहीत तर किंचित सैल करा. हे दोन कर्ण ओळखता आले की लगचं निम्मं शिक्षण झालं.

दोरी निवडताना बंदरावर सगळीकडे मिळणारी नायलॉनची दोरी हॅलियार्ड-डाउनहॉलला वापरू नका. ती ताणते, अर्ध्या तासात ओढ गेलेली असते. नांगराला मात्र तीच उत्तम, तिथे ताण हवाच असतो. हॅलियार्डला आठ मिलीमीटरची, न ताणणारी पॉलिएस्टरची विणलेली दोरी घ्या. जाडी ताकदीसाठी नाही, ओल्या हाताला पकड मिळावी म्हणून.

आता रीफ. एकट्याने ती अशी घ्यायची:

शीट पूर्ण सोडा. शीड फडफडू द्या, होडी वाऱ्याला आडवी होऊन सावकाश वाहत राहील. सेंटरबोर्ड अर्धा खाली. होडीच्या मधोमध, तळाशी बसा, उभे राहू नका. डाउनहॉल सैल करा आणि हॅलियार्ड एवढीच सोडा की रीफची ओळ बूमपर्यंत येईल. हॅलियार्डवर त्या जागी रंगीत दोऱ्याची खूण केलेली असली तर अंदाज करत बसावं लागत नाही. आधी रीफच्या ओळीवरचं पुढचं नवं कडं बूमला अडकवा, मग मागचं कडं बूमच्या टोकाकडे घट्ट ओढून बांधा. सगळा भार या दोन कड्यांवर. मधल्या बारक्या दोऱ्या नुसतं लोंबणारं कापड गोळा करायला असतात, त्या ताणल्या तर शीड फाटतं ते तिथेच. त्यांना एका झटक्यात सुटणारी गाठ. पुन्हा हॅलियार्ड, आणि सगळ्यात शेवटी डाउनहॉल. हा क्रम उलटा झाला की पुन्हा पहिल्यापासून.

मागे एक छोटी डोलकाठी

होडी पाच मीटरच्या आसपास किंवा पुढे असेल तर सुकाणूपाशी एक चिमुकलं दुसरं शीड, मिझन, बसवायचा गंभीरपणे विचार करा. क्षेत्रफळ एकूणाच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढं. वेगात त्याने फारसा फरक पडत नाही, म्हणून अनेकांना ते शोभेचं वाटतं. त्याचं खरं काम थांबण्याचं. मिझनची शीट मधोमध घट्ट करायची, पुढचं शीड सोडून द्यायचं, की होडी आपणहून नाळ वाऱ्याकडे धरून उभी राहते. आता दोन्ही हात मोकळे. रीफ घ्या, चहा प्या, मेहुण्याला उलटी होत असेल तर त्याच्याकडे बघा. रीफ घेण्याची वर लिहिलेली कसरत मिझन असेल तर निम्म्याने सोपी होते.

स्लोकमनेही दक्षिण अमेरिकेत असताना मागे एक छोटी डोलकाठी बसवून घेतली. जॉन वॉटकिन्सन यांची ड्रॅसकोम लगर ही पावणेसहा मीटरची उघडी होडी, तिच्यावर मिझन असतंच (नावात लगर असलं तरी मोठं शीड गंटरचं आहे). वेब चाइल्स 1978 मध्ये अशाच उघड्या लगरमधून जगाच्या सफरीला निघाले होते. शीड दोन काठ्यांवर वाटून घ्यायचा विचार आपल्या मुंबईतही एका जगप्रसिद्ध होडीत उतरलेला आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 'सुहैली' कुलाब्याला सागवानात बांधली गेली, दोन डोलकाठ्यांची, सुमारे पावणेदहा मीटरची. 14 जून 1968 ते 22 एप्रिल 1969 या काळात त्यांनी तिच्यातून एकट्याने, कुठेही न थांबता जगप्रदक्षिणा पूर्ण केली. तिची शिडं लग नव्हती, उंच तिकोनी होती. पण एकट्या माणसाला एका वेळी एकच, आवाक्यातलं शीड हाताळायचं होतं हे खरं.

मिझनचे तोटेही आहेत. सुकाणूची दांडी मिझनच्या काठीला अडते, वाकवून किंवा बाजूने दोरीने फिरवावी लागते. साडेचार मीटरच्या आत ही गर्दी नको.

होडीला आधीच दुसरं शीड असेल तर

शीड बदललं की होडीचा कल बदलतो. सुकाणू सोडल्यावर होडी किंचित वाऱ्याकडे वळायला हवी. ती वाऱ्यापासून दूर पळत असेल तर एकट्यासाठी ते धोक्याचं. म्हणून नव्या शिडाचं केंद्र जुन्याच उभ्या रेषेवर ठेवा. हे शोधायला संगणक नको. शीड मापात, एकास वीस वगैरे, पुठ्ठ्यावर कापा, टाचणीच्या टोकावर तोला, जिथे तोललं तिथे केंद्र. जुन्या शिडाचं (पुढे छोटं शीड असेल तर दोन्ही चिकटवून) आणि नव्याचं, दोन्ही होडीच्या बाजूच्या चित्रावर मांडा. यातून डोलकाठीची नवी जागा निघते, ती बहुधा पुढे सरकते. ताणदोऱ्या नसलेली काठी सगळा जोर आडफळीवर (काठीला वरून धरणारी आडवी फळी) आणि बुडाच्या खाचेत टाकते, या दोन टेकूंमधलं अंतर काठीच्या लांबीच्या निदान दहाव्या भागाएवढं हवं. आडफळी मजबूत करायची तयारी नसेल तर शीड बदलायच्या भानगडीत पडू नका. आहे त्यात रीफची नीट सोय करून घ्या, पैसे वाचतील.

आधी ताडपत्री

शिडाच्या कापडावर पैसे टाकण्याआधी एक हंगाम ताडपत्रीवर काढा. बाजारातली चांगल्या जाडीची विणलेली प्लास्टिकची ताडपत्री घ्या, शाळेच्या किंवा देवळाच्या सभागृहात फरशीवर पसरा, खडूने आकार काढा. यार्डकडची आणि बूमकडची कड सरळ न कापता मध्यावर थोडी फुगीर कापा. काठ्या वाकतात, आणि ती फुगीर कडच शिडाला पोट देते. कडेने दोरी घालून दुहेरी चिकटपट्टीने दुमडा आणि मंडपाच्या ताडपत्र्या शिवतो त्याच्याकडून शिवून घ्या. कोपऱ्यांना चार-पाच थर द्या, आयलेट तिथेच मारा.

यार्ड आणि बूमला सिंधुदुर्ग-रत्नागिरीत होणारा माणगा बांबू चाचणीपुरता झकास. सरळ, बिनकाट्याचा आणि जवळजवळ भरीव. बाकीचे पोकळ बांबू कप्पीच्या ओढीखाली चिरतात. पूर्ण वाळलेला घ्या, जाडसर बघून घ्या, टोकांना सुतळी घट्ट गुंडाळून गोंद लावा. फार वाकतो असं वाटलं तर दोन शेजारी बांधा. डोलकाठीत मात्र काटकसर नको, ती होडीच्या आखणीकाराने दिलेल्या मापाचीच करा.

वाळूवर होडी ठेवून, नाळ वाऱ्याकडे करून सगळं उभारा. एकट्याने. डोलकाठी उचलून खाचेत बसवायला दुसरा माणूस लागला तर ती तुमच्यासाठी जड आहे. आडफळीला मागून उघडणारी कडी केली तर काठी बूड आत टेकवून, कलती करून बसवता येते. आता होडीत बसा, डावा हात सुकाणूच्या दांडीवर ठेवा आणि तो न उचलता शीड खाली आणा. आलं नाही, कुठे अडकलं, तर ते आत्ता दुरुस्त करा. बहुतेक वेळा वरची कप्पी नाहीतर मण्यांची माळ अडते. मग रीफ, डोळे मिटून. थट्टा नाही, संध्याकाळी परतताना अंधार पडतोच.

पाण्यात पहिल्यांदा जाताना खारा वारा नुकता धरत असतानाची वेळ निवडा, पहाटेचा मतलई नव्हे. मतलई नवख्याला गुपचूप बाहेर घेऊन जातो आणि मग मरतो. लाइफजॅकेट अंगात, वल्ही आत बांधलेली, शीट हातात. कुठल्याही परिस्थितीत शीट बांधून ठेवायची नाही. कमरेएवढ्या पाण्यात एकदा होडी मुद्दाम उलटी करून, एकट्याने सरळ करून, पाणी उपसून बघा. हे जमत नसेल तर होडीत हवेचे डबे किंवा फोम वाढवायला हवा, त्याआधी शीड कोणतं हा वादच फिजूल.

हंगामभरात ताडपत्री ताणून बेढब होईल. तोवर तुम्हाला काय हवं ते नेमकं कळलेलं असतं. शीड शिवणाऱ्याला तेव्हा हे द्या: यार्ड-बूमची मापं आणि मध्यावर भार टांगल्यावर त्या किती वाकतात तो आकडा, रीफच्या दोन ओळींची उंची, पुढच्या-मागच्या कड्यांची जागा. कापड चौरस मीटरला 150 ते 180 ग्रॅमच्या आसपासचं पुरे होतं, जाड घेतलं की हलक्या वाऱ्यात शीड भरत नाही. दुसऱ्या रीफची ओळ "नंतर बघू" म्हणून टाळू देऊ नका, शिवलेल्या शिडात ती मागाहून घालायला जास्त पैसे पडतात. आणि शीड ताब्यात घेताना ते घडी घातलेलं नका घेऊ. यार्डला बांधा, अंगणातल्या फांदीवरून वर ओढा, खालून डाउनहॉल लावा, ते दोन कर्ण बघा, आणि मग उरलेले पैसे द्या.